दीड मिनिटात बसव

खराडेकाकांचं दार उघडंच असतं,
तरी टकटक करायची. हा पहिला धडा.
दुसरा : खुर्ची ओढताना आवाज नको.
तिसरा : हात कुठं ठेवायचे
हे बसल्यावर शोधत राहायचं नाही.

काका फौजेत अठ्ठावीस वर्षं नर्सिंग असिस्टंट.
लेहला गोठलेली बोटं, आसामात मलेरिया,
आता गंगावेशीत आमच्या खालच्या मजल्यावर
गुडघ्याचं तेल, आणि संध्याकाळी सातला मी.
ट्रंकेवर टॉवेल टाकून ते अख्खं पॅनेल होतात :
मधले कर्नल तेच, डावीकडचे मेजर तेच,
उजवीकडच्या मॅडमही तेच,
मॅडमसाठी फक्त चष्मा लावतात.

"छंद?"
"वाचन, सर."
"शेवटचं काय वाचलंस?"
"बायोलॉजीची उत्तरसूची."
मॅडम हसल्या. कर्नल हसले नाहीत.

"कोल्हापूरबद्दल सांग."
मी रंकाळा सांगते, तालमी सांगते.
"हे कर्नलच्या मोबाईलात बी हाय. तुझं सांग."
मग मी सांगते : पहाटे पाचला कट्ट्यावर
पप्पा म्हशीखाली बसतात,
पेला फेसानं भरतो,
गिऱ्हाईक उभ्यानं पितं आणि
पांढरी मिशी घेऊन तसंच कामाला जातं.
"हां. हे ऱ्हाऊ दे."

"डॉक्टर का व्हायचंय?"
"सर, मला समाजाची सेवा..."
"थांब. काल बी सेवा, परवा बी सेवा.
पेशंटाचं भांडं उचललंयस कधी?
सेवा म्हणं."

असे एकोणीस दिवस.

विसाव्या दिवशी लाईट गेली.
मेणबत्ती शोधायला कुणी उठलं नाही.
अंधारातच विचारलं त्यांनी, का व्हायचंय,
आणि समोर चेहरा नव्हता म्हणून असेल,
पाठ केलेलं काही आलंच नाही.

महापुराच्या साली मी सातवीत होते.
आम्ही शाळेच्या हॉलमध्ये, म्हशी वरच्या रस्त्यावर,
आमची चंद्री पाण्यानं नेलेली.
तिसऱ्या रात्री एक माणूस थडथडायला लागला,
दातखीळ, तोंडाला फेस.
कोण तरी ओरडलं, पाय धर गं पोरी.
मी धरले.
ओले, सुजलेले, फार ताकदीचे पाय.
आणि मी सोडले.
पाण्याच्या जारमागं जाऊन कान दाबून
शंभरपर्यंत आकडे मोजले,
सत्तावन्नला चुकले, परत पहिल्यापासून.
आले तर तिथं नुसती घडी घातलेली चादर.
त्याला कुठं नेलं, काय झालं त्याचं,
कुणी सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

"म्हणून व्हायचंय?"
"माहीत नाही सर.
पण ते पाय अजून हातात आहेत."
"आणि उद्या परत कुणी म्हणालं, धर?"
"तेही माहीत नाही."

खाली कुणीतरी बुलेटला किक मारत होतं,
चार, पाच, सहा, लागत नव्हती.
लाईट आली तेव्हा
काकांच्या डोळ्यांवर मॅडमचा चष्मा तसाच.
काढला. लुंगीला पुसला. बराच वेळ पुसला.
"लांबलं जरा," म्हणाले. "दीड मिनिटात बसव."
मी दारापाशी पोचले तेव्हा मागून,
"चंद्रीला काढू नगंस त्यातनं."

आज पहाटे पुण्याची गाडी.
इस्त्रीचा पांढरा ड्रेस, मावसबहिणीचे बूट,
पुढं कापूस कोंबलेले.
स्टँडवर जायच्या आधी कट्ट्यावर थांबले,
पप्पांनी न विचारता पेला पुढं केला.
"काय इचारत्यात गं तिथं?"
"बरंच काय काय."
"आणि तू काय सांगणार?"
मी पीत राहिले. गरम होतं.
म्हशीनं मान वळवून माझ्या बुटांकडं पाहिलं.
एवढ्यात रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

"थांब," पप्पा म्हणाले,
"तोंड पूस आधी."
आणि दुधाच्या हातानं
स्वतःच पुसलं.