ताळा

जेल रोडच्या चहावाल्याने विचारलं, मग, किती दिसले डॉल्फिन?
आणि आमच्या आठ जणांत सात उत्तरं निघाली.

शिरसाठ म्हणाला सात.
पगारे बाई म्हणाल्या चार,
पण त्यातला एक दोनदा वर आला असेल, तर तीन धरा.
गायधनी अख्खा वेळ उलटीत होते,
त्यांनी होडीच्या कडेचा निळा रंग तेवढा पाहिला
आणि तरी सांगितलं, दोन.
मी पाच म्हणालो,
म्हणताक्षणी मला सहावा आठवला.

आम्ही छापखान्यातली माणसं.
तीस-तीस वर्षं नोटांचे कागद मोजले.
ओल्या स्पंजावर बोट, मग कागद,
बोट, कागद,
तोंडाने भाजीचा भाव बोलायचा
आणि आत आकडा आपला चालत राहायचा.
एक कागद कमी भरला की दारं बंद.
साहेब असो, हमाल असो,
ताळा जुळेपर्यंत घर नाही.

सत्त्याऐंशीच्या मार्चात असाच एक कमी पडला.
लवटेची बायको तेव्हा बिटको दवाखान्यात होती.
निरोप दारापर्यंत आला,
दाराच्या आत आला नाही.
रात्री सव्वादोनला सापडला तो कागद,
दुसऱ्याच्या पाठीला शाईने चिकटलेला.
लवटे सायकल मारत पोचला,
तोवर मुलगी जगात येऊन झोपलीसुद्धा होती.

हर्णैला लतीफ होडेकरची होडी.
आठ माणसं, नववं घेत नाही.
सांगितलं त्याने, मी गाद्यांच्या मागे लागत नाही,
आले तर आले.
आणि आत गेल्यावर मशीन बंद केलं.
छापखान्यात मशीन थांबलं की पोटात गोळा यायचा.
इथे ते थांबलं
आणि मग पाण्याचा आवाज सुरू झाला,
लाकडाखाली, लुप लुप,
कुणीतरी झोपेत ओठ हलवावेत तसा.

शिरसाठ म्हणाला, अजून जरा पुढे घे की,
पैसे मोजलेत आम्ही.
लतीफ म्हणाला,
त्यांनी घेतलेत का?

बराच वेळ काही नाही. ऊन. डिझेलचा वास.
पगारे बाईंनी डब्यातली चकली फिरवली.
मग डाव्या हाताला पाण्याचीच पाठ झाली,
करडी, ओल्या पाटीसारखी,
आणि मिटली.
फुस्सकन कुणी श्वास सोडला.
मी शिरसाठकडे पाहिलं. तो नव्हता.
त्याने तर श्वास धरला होता.

एक. उजवीकडे, दोन.
तोच का हा? मागे, तीन, छोटं एक चिकटून,
ते धरायचं का वेगळं?
सगळ्यांचे अंगठे तर्जनीवर सरकत होते,
निवृत्त होऊन कितीही वर्षं झालेली असोत.
फक्त लवटे
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता,
लहान पोर बसतं तसा,
तोंड उघडं.

ताळा जुळला नाही.
लतीफने होडी वाळूला लावली, म्हणाला, उतरा.
आम्ही उतरलो नाही लगेच.
सवयीने थांबलो थोडं,
कुणी येऊन सोडेल म्हणून.

आता आठवडा झाला. रोज सकाळी हेच.
द्राक्षांचे क्रेट लादलेला टेम्पो जातो,
छापखान्याचा भोंगा होतो,
आमच्यातलं कुणीतरी अजूनही नकळत घड्याळ बघतं,
आणि शिरसाठ पुन्हा पहिल्यापासून लावतो,
डावीकडचा एक, उजवीकडचे दोन.

अरे लवटे, तू तरी सांग. तुझे किती?

लवटेचा फोन वाजतो.
मुलगी असते. पोहे गार होतायत, म्हणते,
आम्हाला सगळ्यांना ऐकू येतं.
आलो, म्हणतो तो,
ग्लास अर्धा तसाच फळीवर ठेवतो
आणि निघतो,
चालत नाही, जवळजवळ पळतच.

चहावाला ग्लास मोजतो. आठ.
त्याचं बरं आहे.