बर्फाक तोंड नसता

सर्जेकोटच्या जेटीला पाठ टेकून आमचा बर्फाचा कारखाना.
दिवसाला चारशे लाद्या,
सुट्टी फक्त नारळी पुनवेला.
बाबा गल्ल्यावर बसायचे तेव्हा
बाहेर रापणवाले आणि पर्ससीनवाले
एकमेकांच्या अंगावर धावून जायचे.
बाबा मान वर न करता म्हणायचे,
'बर्फाक तोंड नसता, गो.
दोघांचो मासो आपल्याच बर्फात रवता.'

हे वाक्य मला वारशात मिळालं.
थकलेलं वीजबिल, गंजके डबे,
अमोनियाचा वास न जाणारी एक खोली
आणि हे वाक्य.
अकरा वर्षं सांभाळलं.

माघातल्या एका रात्री कंप्रेसर अडला
म्हणून टॉवर बघायला गच्चीवर गेले,
तर समोर दर्यात एक गाव पेटलेलं.
मालवणपेक्षा उजळ.
पाण्यात दिवे सोडून बोटी उभ्या,
कायद्याला न दिसणारे दिवे,
आणि वाऱ्यावरून येणारी जनरेटरची घरघर.
मी मोजल्या. सतरा.
त्यातल्या नऊ माझ्या वहीतल्या.

पहाटे क्रेट उतरले.
बांगडे. माझ्या करंगळीएवढे.
अजून अंडं न धरलेले, अजून कुठेच न पोचलेले.
माझ्या चुऱ्यात ते इतके ताजे दिसत होते
की मला माझ्याच मालाची लाज वाटली.

तोंड नसतं म्हणे.
रात्रभर त्या बोटींच्या पोटात
माझी लादीच तर बोलत होती:
थांब अजून, ओढ अजून,
मी आहे,
काही नासत नाही.

बुधाजी पेंटरला बोलावलं,
होड्यांवर देवांची नावं काढतो तो.
भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून घेतलं:
दिवे लावून मासे मारणाऱ्या बोटीला
इथे बर्फ मिळणार नाही.
खाली माझं नाव. हेमलता तारी.
नाव काढताना त्यानं दोनदा विचारलं, नक्की ना?

पेडणेकर हिशेबनीस कळवळून म्हणाले,
'बाई, गुपचूप बंद करा.
कोणी विचारलं तर मशीन बिघडलंय म्हणू.
भिंतीवर कशाला?'

बिघडलेल्या मशीनला कोणी जाब विचारत नाही, पेडणेकर.
आणि ते बघून
शेजारच्या कारखानदाराला धीरही येत नाही.

नऊच्या नऊ बोटी वेंगुर्ल्याकडे वळल्या.
दुसरं मशीन आता रात्री झोपतं.
बँकेतले साहेब चहा सांगून म्हणाले,
'धंदा करा मॅडम, राजकारण नको.'
अकरा वर्षं गप्प राहून मी जे केलं
ते काय होतं,
हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं.
चहा मात्र प्यायले.

शेजारचा कारखानदार?
अजून तरी त्याची भिंत पांढरीच आहे.

आणि मग इनास आला, रापणीचा जुना माणूस.
मला वाटलं, चांगलं काही बोलेल.
बिडी संपेपर्यंत भिंत वाचत राहिला.
'बरां लिवलंस. आता ह्यां पण लिव,
तुजां पाणी खंयचां?
चैतात आमच्या वाडीची बाव आटता,
ती कोणामुळे?'

रागानं मला दुपारभर जेवण गेलं नाही.
ह्याच्यासाठी मी नऊ गिऱ्हाइकं घालवली?
संध्याकाळी मीटर बघितला. पुन्हा बघितला.
गप्प होते तोवर मला कोणी काही विचारत नव्हतं.
बोलले, तर बोलण्याचा हिशेब मागायला
दारात माणूस उभा.
बहुधा बाबांना हेच ठाऊक होतं.
बर्फाला तोंड नसतं,
कारण तोंड असलं की
उत्तर द्यावं लागतं.

भिंतीवर खाली एक ओळ वाढली आहे:
आज बोअरमधून काढलेलं पाणी.
आकडा रोज बदलतो, म्हणून तो खडूनं.
आधी बावीस हजार लिटर होता.
आज चौदा.
खारा वारा वरचा रंग खातोय,
'नाही'तला 'ना' आत्ताच पुसट झालाय,
बुधाजीला पुन्हा सांगायला हवं.

काल इनास येऊन आकडा वाचून गेला.
काही बोलला नाही.
चार लाद्या नेल्या.
उधार.