अधेली

आई गेल्यावर कपाटातून निघाला तपकिरीचा डबा.
आत सत्तेचाळीस नाणी, एक वाकडी सेफ्टी पिन,
आणि घासलेटच्या पावतीत गुंडाळलेली एक अधेली,
कडेचा घास कुणी घेतल्यासारखी.

तांबाकाट्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर
फिदाअली शेठ डोळ्याला भिंग लावून बसतात.
खाली भांडीबाजार दिवसभर खणखणतो.
त्यांना ऐकू येत नाही,
किंवा तेवढंच ऐकू येतं.

मी आधी भारी माल काढला:
राजाच्या गालावर आडवी रेघ असलेला रुपया.
त्यांनी तो उजेडात तिरका धरला.
"नख फिरवा. अडकलं?"
अडकलं.
"आत गेलेली रेघ माणसाची.
ठसा तडकला असता तर धातू त्या फटीत शिरला असता,
रेघ वर आली असती.
हा ओरखडा. चांदीच्या भावात घेईन."

मग भोकाचा पैसा. "हे भोक सरकारी."
मग भोकाची पावली. "हे सोनाराचं. डाख बघा, गळ्यातली होती."
मग चिंचेने लख्ख केलेले दोन पितळी आणे,
दर दिवाळीचा आईचा हात.
ते त्यांनी नुसते बाजूला सारले.

एकावर अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी.
मला आशा वाटली.
त्यांनी पालथं केलं: मागचे सिंह चेपलेले.
"दोन नाणी वाइसमध्ये धरून आवळलीत कुणीतरी.
टाकसाळीत झालं असतं तर सिंह शाबूत असते."
बाबा माझगाव गोदीत फिटर होते.
जेवणाच्या सुट्टीत हँडलला लटकून, हसत, आवळलं असणार.
हे मी त्यांना सांगितलं नाही.

अधेली दाखवायची नव्हतीच.
"ही राहू दे, कानशीने कापलेली आहे."
"कोण म्हणतं?"

कोण म्हणतं? आमच्याकडे ते माहीतच होतं.
छप्पन साली वाण्याने ती परत केली, चार बायकांदेखत.
आणि घरात कानस एकाच्याच पिशवीत होती:
जानू, बाबांचा मावसभाऊ, गोदीत शिकाऊ, आमच्याकडे जेवायला.
आईने त्याला काही विचारलं नाही.
फक्त त्या रात्री भात वाढला,
आमटी वाढली नाही.
सकाळी तो पिशवी घेऊन गेला. मुरूडला म्हणे.
पुढे कुणाच्या लग्नालाही दिसला नाही.

फिदाअली अधेली बोटांत फिरवत राहिले.
"कापल्या जागेच्या बरोबर समोर बघा.
इथली कड उठलेली नाही, अक्षरं पुसट.
पट्टीतून चकत्या पाडताना पंच आधीच्या भोकावर पडला.
चकतीच अपुरी. म्हणून समोर दाब पोचला नाही.
कानस चालवणाऱ्याला समोरची बाजू सुचत नाही."

सालाखाली बारीक हिरा.
म्हणजे आपल्याच फोर्टच्या टाकसाळीचा,
माझगावहून तेव्हा ट्रामने अर्धा तास.

"दोन हजार देतो. चूक आहे म्हणून."

जानू असेल तर सत्त्याऐंशीचा.
मुरूडला कुणाच्या दारात उभं राहून काय विचारायचं?
आणि आईने ही मोडली नाही, टाकली नाही,
इतर नाण्यांत मिसळलीही नाही.
पुरावा म्हणून, की आणखी कशासाठी,
ते पावतीवर लिहिलेलं नाही. दोन्ही बाजू पाहिल्या.

"नको," म्हटलं. रुपया तेवढा दिला.

जिन्यात थांबून अधेली परत उघडली.
खाली कुणीतरी पातेली उतरवत होतं.
कडेवरून नख फिरवलं,
त्या समोरच्या बाजूने,
जिथे काहीच नाही.