मातीची वजनं

दुपारी दोनला वाचनालयात एकच पंखा चालतो
आणि त्याच्याखाली लक्ष्मीनर्सू गड्डम.
वाचता येत नाही त्यांना.
चित्रं बघतात. पान उलटायच्या आधी
बोट शर्टाला पुसून घेतात.

बाहेर एप्रिल, त्रेचाळीस अंश.
साखर पेठेतली कुत्रीसुद्धा गटारात उतरलेली.
आत, टेबलावर, ओलिन्थस:
उकरून काढलेलं एक ग्रीक शहर.
मी वाचून दाखवते.
सरळ रस्ते. एका चौकात दहा घरं,
पाचांच्या पाठीला पाच.
‘आमच्या चाळीवानी,’ ते म्हणतात.

मग उत्तरेचा राजा आला.
गोफणीतून शिशाच्या गोळ्या सुटल्या,
गोळीवर राजाचं नाव पाडलेलं.
‘नाव कशाला?’
मी पुढचं पान चाळते, उत्तर नाही.
‘लागल्यावर कळाय पायजे ना, कुणाची लागली.’

शहर पाडलं. जाळलं.
उरलेली माणसं बाजारात नेऊन विकली.
‘कितीला?’
तेही लिहिलेलं नाही.

पुढच्या पानावर फोटो आहे:
पेढ्याएवढे मातीचे गोळे, वर भोक पाडलेलं,
जमिनीवर रांगेत पडलेले.
खालचा मजकूर मी वाचणार
तेवढ्यात ते खुर्चीतून अर्धे उठतात.
‘मग्गम!’
तेलुगूतच निघालं तोंडातून. मग माझ्यासाठी:
‘माग हाय बाई हा. उभा माग.
ही वजनं. ताण्याला बांधत्यात.
वजन नसलं की सूत उंडगं होतंय.’
आणि त्यांची बोटं
टेबलाच्या कडेला, काही नसताना,
एक गाठ मारून मोकळी झाली.

लाकूड जळालं. सूत जळालं.
वजनं सुटली ती जिथल्या तिथं पडली,
लुटणाऱ्यांनी पायानंसुद्धा हलवली नाहीत.

‘माझे चार माग किलोवर गेले,’ ते म्हणाले,
‘काट्यावर मीच चढवले.
भंगारवाला दगड घेईना.
म्हटला, दगडाचं काय करू मामा?
आता आमची अंबुबाई विडीचा पाला भिजवती,
त्याच्यावर ठेवती एकेक.’

मी गप्प बसले. पंखा कुरकुरत होता.

ते मोजत होते. ओठ हलत होते.
एकोणचाळीस. पुन्हा मोजले, एकोणचाळीस.
‘एक कमी हाय. पोरानं नेलं असंल खेळाय.’
मग अंगठा आणि करंगळी ताणून
फोटोतल्या रांगेवर वीत ठेवली,
बाजूला छापलेली मोजपट्टी मी वाचून दाखवली,
डोळे मिटून काहीतरी गुणलं:
‘पन्हा दोन हाताचा.
चादर नव्हं. लुगडंबी नव्हं.
पोराचं पांघरूण हुतं. अर्धं झाल्तं का पुरं,
ते नाही सांगता येत.’

पुस्तकात पेनानं खुणा करणाऱ्यांना
मी पाच रुपये दंड लावते.
ते गेल्यावर पेन्सिल घेतली,
फोटोच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं:
पांघरूण. लहान मुलाचं. — ल. गड्डम, विणकर.

आणि डब्यात पाच रुपये टाकले.