रोटाव्हेटर

केडगावच्या शिवारात माझ्याएवढी नांगरट
कुणी केली नसेल.
तासाचा दर, डिझेल वेगळं,
अन् मागं बगळ्यांची रांग.

यंदा फुलाबाई म्हणाली,
"सर्जेराव, ट्रॅक्टर बांधावरच राहू दे.
रान मोडायचं नाही आता."
तुटून गेलेल्या उसाचं पाचटही पेटवलं नाही तिनं,
सरीत दाबलं, वर शेणकाला शिंपडला.
टपरीवर आम्ही हसलो.
उंदीर होतील, म्हणालो.
झालेही.
मग घुबडं आली.

चैत्रात कालव्याचं आवर्तन बावीस दिवस लांबलं.
माझ्या उसाची पानं सुतळीसारखी वळली.
तिच्या रानात पाय टाकला
तर चपलेखाली काहीतरी दबलं अन् पुन्हा वर आलं,
झोपलेल्या म्हशीच्या पोटासारखं.
पाचट बाजूला सारून तिनं
मूठभर माती माझ्या नाकाशी धरली.
वास ओळखीचा होता,
कुठला ते आठवेना.

"तुझ्या लोखंडानं दरसाल ह्यांची घरं मोडली,"
गांडुळं परत ठेवत ती म्हणाली.
रागानं नाही,
दुधाचा हिशेब सांगावा तसं.

रोटाव्हेटर विकायला काढलाय. गिऱ्हाईक नाही.
पात्यांमधल्या बेचक्यात कोंबडी अंडी घालते,
पोरगं रोज हात घालून काढतं,
मी रोज ओरडतो, हात कापेल.

परवा नुसताच ट्रॅक्टर घेऊन निघालो,
सवयीनं एक बगळा मागं आला.
चारीच्या वळणापर्यंत.
तिथून त्यानं पंख मोडले
अन् फुलाबाईच्या रानात उतरला.

मी इंजिन बंद केलं.
तागाचं बी किती लागतं एकराला,
विचारायचं राहिलंच होतं.