तीनशे साडेबारा

मे महिना. खामल्यात रात्री दोनला
कूलर बंद करून बसलोय,
कारण त्याचा पंप सुरू झाला की
स्कोपवरचा सिंक थरथरतो.

कॉम्प्युटर डेकाटे साहेबांचा, शहाऐंशी सालचा.
यामिनी म्हणाली, भंगारात द्यायच्या आधी
पहा ना काही निघते का.
जुन्या टीव्हीवर निघते. कार्डात नाही.
कार्ड म्हणते, सिग्नलच नाही.
काहून नाही बे? समोर तर दिसून राहिला!

तीन रात्री केबली बदलल्या,
पंचाहत्तर ओहम, पुन्हा पंचाहत्तर ओहम.
आज स्कोपची खिडकी सरकवत
ओळीच मोजल्या:
तीनशे बारा.
परत मोजल्या. तीनशे बारा.
आणि कार्डाला हव्यात
तीनशे साडेबारा.

म्हणजे ते अर्ध्या ओळीसाठी अडून होते,
जी या यंत्राने जन्मात कधी पाठवली नाही.
सेकंदाला पन्नास चौकटी दारात येत होत्या
आणि हे दारूनच परत लावत होते.

ड्रायव्हरमधली ती अट खोडली.

चित्र आले. तिरके, डावी कड खाल्लेली:
नळ उद्या पहाटे ४.१०
बादल्या ७
आठ बाय आठ ठिपक्यांत
साहेबांनी अक्षरे स्वतः कोरलेली;
ळ मावला नाही,
त्याचे वेटोळे शेजारच्या घरात गेलेले.

कूलर लावला. चित्र हलले.
हलू दे.

यामिनीला एवढ्या रात्री काय फोन करायचा.
चार दहाला उगाच मोरीत गेलो,
नळ सोडून पाहिला.
थोडी हवा आली.