चार पावलं

टेबलाच्या मागे भिंत होती,
बरोबर चार पावलांवर.
इन्स्टिट्यूटचा तो हॉल मुळात पत्त्यांसाठी बांधलेला,
टेबल नंतर आलं, मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमधून,
एक पाय आखूड.
त्याखाली सुभान तडवींनी जुन्या स्लीपरची खपली ठोकली.
लोको शेडात फिटर. आठ ते चार इंजिनाखाली,
पाचला आमच्यासमोर.
बोटांना ग्रीसचा वास,
म्हणून चेंडूलाही.

मे महिन्यात भुसावळ सत्तेचाळीसवर जातं
आणि पंखा लावायचा नाही.
पंख्यानं चेंडू ढळतो.
खिडक्या बंद. घाम भुवईत अडवायचा.
बाहेर केळीच्या वॅगनी भरताना हमालांची ओरड,
आत फक्त टिक, टक, आणि त्यांचं एकच वाक्य:
"मांगे नको सरकू पोरी. मांगे भित आहे."

नाही सरकले.
चेंडू उसळला की उसळतानाच घ्यायचा,
पुढचं काय ते त्याला ठरवू द्यायचं नाही.
पेपरात छापून आलं, आक्रमक शैली.
पतियाळाच्या कॅम्पात मोठ्या प्रशिक्षकांनी विचारलं,
हे कुणी शिकवलं?
भिंतीनं, म्हटलं.
ते हसले. वहीत काही लिहिलं नाही.

सतराव्या वर्षी राज्य. एकोणिसाव्या वर्षी
खेळाडू कोट्यातून कमर्शियल क्लार्क.
बाबांनी ऑर्डर दोनदा वाचली,
मागची कोरी बाजूही पाहिली.
आईनं कॉलनीभर वरण-बट्टी घातली
आणि सगळ्यांना सांगितलं, पोरगी तिकिटं विकते.
ते समजावून सांगायला सोपं.

इंदूर, गुवाहाटी, कटक. पासवर, बॅट उशाखाली.
निवेदक कायम चुकायचे:
हर्षा जोपे. हर्षा झोप.
झोपे, मी म्हणायचे, झोपे, लेवा पाटलांतलं आडनाव आहे.
हरल्यावर मात्र
सगळे नीट उच्चारायचे.

मग चेंडू दोन मिलिमीटरनं वाढला.
मग एकवीसचा गेम अकराचा झाला.
मी हळू पेटणारी,
पंधरापर्यंत समोरचीला नुसती वाचत बसायचे,
आणि आता पंधरा येतच नव्हते.

तरी एकदा उपांत्य फेरीत पोचले.
मोठा हॉल, लाल मॅट, मागे सात मीटर मोकळे.
समोर चौदा वर्षांची मुलगी, दातांना तार,
उंच, संथ, गरगरणारे चेंडू टाकणारी.
मागे जाऊन घे, बाकावरून ओरडत होते, मागे जा.
गेले.
एक, दोन, तीन,
चौथ्या पावलावर पाय आपोआप थांबला.
तिथं भिंत नव्हती.
मी पाठीनं शोधली.

नऊ-अकरा.

रावेरजवळ त्यांच्या गावी गेले, निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली.
ओट्यावर बसून दळणातले खडे निवडत होते.
सांगितलं सगळं. मॅट, तार, चौथं पाऊल.
बराच वेळ खडेच निवडले.
"भित पाडासाठी अर्ज देला होता म्या," म्हणाले,
"दोन डाव."
एक खडा अंगणात टाकला.
"मंजूर नाही झाला."

आता मी पार्सल ऑफिसात असते.
पाचला हॉल उघडते.
मागच्या दिवाळीत, पोरं यायच्या आत,
एकटीनं टेबल ओढून तिरकं लावलं,
या कोपऱ्याकडून त्या कोपऱ्याकडे.
पावलं मोजली. सहा, आणि अर्धं.
इतकं साधं. आम्हा दोघांनाही
चौदा वर्षांत सुचलं नव्हतं.

आता दार पुरतं उघडत नाही,
जाड्या रितेशला आडवं होऊन आत यावं लागतं.
वरणगावची एक नवी मुलगी म्हणाली,
मॅडम, टेबल वाकडं आहे.
असू दे, म्हटलं. पंखा बंद कर.
सर्व्ह तुझी.